तेलाचा काटा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी काटेमास्तरांचं नाव घेतो. एकदा वडिलांसमोरच घेतलं होतं. त्यांनी नुसती मान डोलावली. काटे हे मास्तरांचं आडनाव नव्हे. लालबागच्या एका गिरणीत ते बॉयलरखात्यात हेड फिटर होते, आणि कुठल्याही तबकडीवर काटा दिसला की त्यावर नखानं दोन टिचक्या मारल्याशिवाय त्यांना पुढं जाववत नसे. दवाखान्यातलं वजनाचं यंत्र असो की टॅक्सीचा मीटर. चाळीनं नाव पाडलं आणि ते चिकटलं.

मी बार्शीहून आलो तो एक ट्रंक आणि मास्तरांच्या मेव्हण्याची चिठ्ठी घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कुणी झालं नव्हतं. मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "घोरतोस?"

"नाही."

"तुला कसं ठाऊक?"

मी ट्रंक या हातातून त्या हातात घेतली. ते म्हणाले, "बरोबर. झोपलेल्या माणसाची साक्ष चालत नाही. रहा."

त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो. बी.एस्सी. तिथंच झालो, आणि पुढं गिरगावातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर लागलो तेव्हाही तिथंच. खोलीत तीन घड्याळं होती. एकही बंद नव्हतं आणि तिन्ही वेगळी वेळ दाखवत. मास्तर तिन्ही बघत आणि मधली वेळ धरत. कोटाच्या खिशात पत्र्याच्या नळीत थर्मामीटर असे. तो चहात बुडवून पारा साठाच्या खाली आला की मगच कप तोंडाला. "साठाच्या वर चहा पिणारा चव घेत नाही, शौर्य दाखवतो," असं म्हणत.

पहिल्या वर्षी मी प्रॅक्टिकलमध्ये नापास झालो होतो. ट्रंक भरायला घेतली. मास्तरांनी ती बंद केली, माझी हनुवटी धरून मला भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं केलं आणि डावीकडे ढकललं. "किती वाजले?" मी सांगितलं. मग उजवीकडे. "आता?" एक मिनिट कमी. "काटा हलला का?" "नाही." "मग कोण हललं? काट्याच्या समोर डोळा आणायचा. बाजूनं बघशील तर तुला हवं ते दिसेल." एवढी एकच शिकवणी. त्यानंतर मी प्रॅक्टिकलमध्ये कधी नापास झालो नाही.

त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं. ते आमच्या चाळीत पोराटोरांना पाठ होतं. "एक साक्षीदार म्हणजे अफवा. दोन म्हणजे भांडण. तिसरा आला की बोलू."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत त्याची फार गरज पडे. रोज कुणीतरी जिन्यावरून धावत येऊन काहीतरी सांगे. गोळीबार झाला त्या आठवड्यात मी एका मोर्चात सापडलो आणि लाठ्या सुरू झाल्यावर पळत जाऊन परळला एका ओळखीच्याकडे दोन दिवस अडकून पडलो. बाहेर कर्फ्यू. इकडे कुणीतरी चाळीत येऊन सांगितलं, तुमच्या बार्शीच्या पोराला गोळी लागली, डोळ्यानं पाहिली. बायका रडायला लागल्या. मास्तर म्हणाले, "एक." आणि कोट घालून बाहेर पडले. इस्पितळात गेले, तिथल्या कारकुनानं कुठलंसं मिळतंजुळतं नाव दाखवलं. ते म्हणाले, "दोन," आणि खाटांमधून स्वतः फिरले. तिसऱ्या दिवशी मला शोधत परळच्या त्या खोलीच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला, धोतराला पुसला आणि माझ्या जिभेखाली सारला. तो तोंडात होता म्हणून मला बोलता येईना, आणि त्यांना बोलायचं नव्हतं.

आता विमानाचं सांगतो.

मास्तर आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा माल भंगारात निघाला, त्यात त्यांना चार सिलिंडरचं एक लहान विमानाचं इंजिन मिळालं. ते कित्येक वर्षं कॉटखाली होतं. मग कुणा वैमानिकानं टाकून दिलेलं, घरच्या घरी एका माणसापुरतं विमान कसं बांधावं याचं नकाशांचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती आलं. मास्तर मराठी पाचवी. इंग्रजी मी वाचायचो, विमान ते वाचायचे. मी एक वाक्य अडखळत सांगेपर्यंत त्यांची पेन्सिल पुढच्या आकृतीवर गेलेली असे.

ते बांधलं गेलं आबांच्या कारखान्यात. आबा मालवणकडचे मूर्तिकार. लालबागला त्यांची गणपतींची मोठी शेड होती, मागं मोकळं अंगण. अनंतचतुर्दशी झाली की शेड रिकामी, ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. मग शाडू यायचा. तेवढ्या महिन्यांत मास्तरांचं विमान तिथं वाढे आणि माती आली की पंख सुटे होऊन आढ्याला टांगले जात, सांगाडा गिरणीच्या एका गोदामात जाई. अशी तीन वर्षं चालली.

एकदा हा सांगाडा गोदामातून शेडकडे न्यायला मास्तरांनी नेमका हरताळाचा दिवस निवडला, कारण रस्ता मोकळा. हातगाडीवर बिनपंखांचं विमान, पुढं मी, मागं मास्तर. कोपऱ्यावर मोर्चा आडवा आला. बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकानं विचारलं, "चित्ररथ कुठल्या मंडळाचा?"

"मंडळ नाही. विमान आहे."

"ते दिसतंय हो. पाटी कुठंय?"

आम्ही काही बोलायच्या आत दोघांनी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी भलीमोठी पाटी शेपटाला बांधली. घोषणा सुरू झाल्या. मला भीती वाटत होती की मास्तर चिडतील. त्यांनी पाटी हातानं उचलून पाहिली. "लावा, लावा. पण साडेतीन शेर आहे. उडायच्या आधी काढायला लागेल." मोर्चा दोन फर्लांग आमच्यासोबत आला.

मी या सगळ्यात हौसेनं होतो. मास्तर मला लोकांसमोर "हा आमचा पदवीधर" म्हणत. आबांकडे कुणी पाहुणा आला, काही शंका काढली, की मास्तर म्हणत, "विजेचं त्याला विचारा. त्याची डिग्री त्यातलीच." हे ऐकताना मला काय वाटे ते बार्शीच्या माणसालाच कळेल. मी पुढं जे केलं नाही, त्याचं मूळही तिथंच आहे.

तिसऱ्या वर्षी इंजिन बसलं. खंडेनवमीच्या आधी अंगणात पहिल्यांदा चालवलं तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं समोरच्या चाळीच्या दोऱ्यांवरची लुगडी उडाली, पण सगळे काटे जागेवर. खंडेनवमीला गिरण्यांत यंत्रं धुऊन, रंगवून पूजतात, तशी आम्ही विमानाची पूजा केली. आदल्या संध्याकाळी इंजिन ज्यावर बसवलं होतं तो लोखंडी सांगाडा मी एकट्यानं रंगवला. आबांकडचा उत्तम लाल एनॅमल, दोन हात. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, जिथं धातूला धातू लागतो तिथं रंग नको. पण तांब्याची एक विणलेली पट्टी होती तिच्या बुडाशी उघडं लोखंड बोटाच्या पेराएवढं गंजल्यासारखं दिसत होतं. पूजेला हे बरं दिसणार नाही असं मला वाटलं. पट्टी सोडली, रंगवलं, वाळल्यावर पट्टी पुन्हा कसली. हळदकुंकू वाहिलं. विसरलो.

हिवाळा पंखांना कापड चढवण्यात गेला. चैत्रात विमानखात्याचे तपासनीस येणार असं पत्र आलं. सोमवारी सकाळी. त्यांनी इंजिन चालताना पाहून सही केली तर जुहूच्या धावपट्टीवर नेता येणार होतं. नाही केली तर पुढची पाळी कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि आबांची माती वाटेत होती.

शुक्रवारी मास्तरांनी इंजिन चालवलं. तेलाच्या तापमानाचा काटा पंचाहत्तरच्या आसपास थांबायला हवा होता. थ्रॉटल वाढवलं तसा तो ऐंशी, नव्वद, शंभर. तांबड्या खुणेच्या पलीकडे गेला. मास्तरांनी टिचक्या मारल्या. काटा थरथरला आणि आणखी वर गेला. त्यांनी इंजिन बंद केलं.

आबा म्हणाले, "काटो बिघाडलो असतलो."

"एक," मास्तर म्हणाले. त्यांनी तेलाच्या टाकीत स्वतःचा थर्मामीटर सोडला. अठ्ठ्याहत्तर. "दोन. भांडण. हा थांबल्यावरचं सांगतो, तो चालतानाचं."

तिसरा साक्षीदार तेलाच्या दाबाचा काटा. तेल खरंच तापलं असतं तर पातळ होऊन दाब उतरला असता. दाब जागेवर होता. म्हणजे दोघे एकीकडे, तापमानाचा काटा एकटा. मला वाटलं, सुटलो. पण मास्तरांचं समाधान झालं नाही. "खोटं बोलतोय तर कधीपासून आणि का, ते कळायला पाहिजे."

शनिवारी त्यांनी तेलातला बल्ब काढला. बल्ब म्हणजे बोटाएवढी पितळी नळी. तेल तापलं की तिच्या आतल्या तारेचा अवरोध वाढतो आणि काटा वर जातो. बल्बच्या अंगाला त्यांनी एक सुटी वायर बांधून ती बॅटरीला जोडली आणि बल्ब उकळत्या किटलीत धरला. काटा बरोबर शंभरावर. मग बर्फ हवा होता. वरळी कोळीवाड्याची एक मावशी रोज लालबागला मासे घेऊन यायची, तिच्या टोपलीतला बर्फ मी मागायला गेलो.

"मास्तरांना बर्फ कशाला रे? इमान सडतंय का त्यांचं?"

"काटा तपासायचाय, मावशी."

"काटा माझ्या सुरमईत बघ म्हणावं. खोटा निघाला तर पैसे परत."

सुरमईच्या वासाच्या त्या बर्फात काटा शून्यावर आला. काटा खरा, बल्ब खरा. म्हणजे मग इंजिनच तापतंय. आतली तेलाची वाट कुठंतरी तुंबली असणार आणि टाकीतल्या थर्मामीटरला ते कळत नसणार. मास्तरांनी बल्ब पुसून परत इंजिनात बसवला. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळी इंजिन उघडायचं." उघडलं तर सोमवारपर्यंत परत बसणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

रविवारी सकाळी त्यांनी पुन्हा एकदा चालवून पाहिलं. शंभर, मग एकशे दहा. मास्तर जेवायला गेले. मी शेडमध्ये बसून वहीत कालची तपासणी लिहीत होतो. सवयीनं जोडणीची आकृती काढली. बॅटरी, काटा, बल्ब, आणि बल्बच्या अंगापासून बॅटरीपर्यंत ती सुटी वायर. मग शेजारी इंजिनवरची खरी जोडणी काढायला घेतली आणि पेन्सिल थांबली. इंजिनवर ती सुटी वायर नव्हती. तिथं बल्बचा प्रवाह इंजिनच्या अंगात उतरतो, आणि इंजिन रबरी गाद्यांवर बसलेलं. सांगाड्याकडे यायला त्याला एकच रस्ता. अर्थिंगची ती तांब्याची विणलेली पट्टी.

पट्टीच्या बुडाशी माझे दोन हात एनॅमल होते. रंगावरून प्रवाह नीट जाईना, अवरोध वाढला, आणि काट्याला अवरोध म्हणजे उष्णता. इंजिन हादरेल तितकी पट्टी सैल, तितका काटा वर. खऱ्या तापण्यासारखंच दिसणार. हाच धडा मी कॉलेजात आठवड्यातून दोनदा पोरांना देत होतो.

मी पाना घेतला, पट्टी सोडली, रंगाचा पापुद्रा चाकूनं उचलला. तो अख्खा निघाला, त्यावर पट्टीच्या कडीची गोल खूण उमटलेली. खाली पॉलिशपेपर मारून लोखंड चकचकीत केलं, पट्टी आवळून कसली. आबा पाटावर बसून विडी ओढत होते.

"काय करतंस रे?"

"साफसफाई."

यंत्रातून निघालेली कुठलीही वस्तू टाकायची नाही, अशी मास्तरांची शिस्त. पापुद्रा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मनाशी म्हटलं, विमान सुटलं म्हणजे झालं. कुणामुळे, ते कशाला?

चार वाजता मास्तर हत्यारं घेऊन आले. मी म्हटलं, "उघडण्याआधी एकदा शेवटचं चालवून बघू या." त्यांनी चालवलं. काटा सत्तर, त्र्याहत्तर, शहात्तर. थांबला. पूर्ण थ्रॉटलला शहात्तर. आबा उठून नाचायला लागले. "मास्तरांनू, बरा झाला! गणपती पावलो!" समोरच्या गॅलरीत टाळ्या पडल्या.

मास्तरांनी टिचक्या मारल्या. काटा हलला नाही. त्यांचा चेहरा मात्र सकाळपेक्षा जास्त काळवंडला. इंजिन बंद करून त्यांनी विचारलं, "कुणी काय केलं?"

आबा म्हणाले, "कोण काय करतलो?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ते काट्याच्या समोर डोळा आणत तसंच. मी म्हटलं, "नाही, मास्तर."

सोमवारी तपासनीस आले. तरुण होते, टाय लावलेले. विमानाभोवती फिरून खूश दिसले. म्हणाले, "चालवा."

मास्तर म्हणाले, "साहेब, माझं विमान तयार नाही."

"काय झालं?"

"तेलाचा काटा काल सकाळपर्यंत चूक दाखवत होता. दुपारपासून बरोबर दाखवतोय."

"मग बरं झालं की!"

"मधे कुणी काही केलेलं नाही." हे म्हणताना त्यांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी स्वतःच्या चपला बघत होतो. "आपोआप गेलेला बिघाड आपोआप परत येतो, साहेब. आणि तो इथं अंगणात येणार नाही. आठशे फुटांवर येईल. त्या वेळी काटा शंभरावर गेला तर मी काय समजायचं? खरं की खोटं?"

साहेबांनी खांदे उडवले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले. मला अजूनही त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. तेवढ्या वेळात मी पाच वेळा तोंड उघडलं असेल.

ते गेल्यावर आबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. फार वर्षांपूर्वी गिरणीत एका बॉयलरचा दाबाचा काटा दोन दिवस वेडावाकडा चालत होता आणि तिसऱ्या दिवशी आपसूक सरळ झाला. सगळे खूश झाले. चौथ्या दिवशी बॉयलरपाशी मास्तरांचा धाकटा भाऊ होता. आबा एवढंच बोलले. मास्तरांनी सहा वर्षांत मला हे कधी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी इंजिन उघडलं. सगळ्या तेलाच्या वाटा स्वच्छ निघाल्या. काही न सापडणं हे मास्तरांना सापडण्यापेक्षा वाईट. अक्षय्य तृतीयेनंतर माती आली, सांगाडा गोदामात गेला, इंजिनचे तुकडे गोणपाटात बांधून कॉटखाली. जूनमध्ये मला बार्शीला शाळेत विज्ञानशिक्षकाची जागा मिळाली. दादरला गाडीवर पोचवायला मास्तर आले होते. म्हणाले, "पोरांना काट्याच्या समोर डोळा आणायला शिकव." पापुद्रा माझ्या खिशात होता. गाडी हलली.

मग मी पत्र लिहिलं. त्याला उत्तर यायला जवळजवळ वर्ष लागलं. साधं पोस्टकार्ड, पेन्सिलीनं. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. "तेल ७२, दाब ठीक, उंची शून्य. तेल ७६, दाब ठीक, उंची आठशे फूट. तेल ७६, दाब ठीक, उंची शून्य. चहा ५८." ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मास्तर आता नाहीत. माझ्या पत्राची मी नक्कल ठेवली होती, ती अशी:

ती. स्व. मास्तर यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

सोबत कागदाची पुडी आहे. ती आधी उघडावी. आत लाल रंगाचा पापुद्रा आहे, त्यावर अर्थिंगच्या पट्टीच्या कडीची खूण दिसेल. खंडेनवमीला ती जागा मी रंगवली. आपण नको म्हटलेलं असताना रंगवली. रविवारी दुपारी आपण जेवायला गेलात तेव्हा तो रंग मीच खरवडला. आपण विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. आपल्यापुढे पदवीधर म्हणून उभा राहायची सवय झाली होती, ती मोडवेना. आपल्या धाकट्या भावाची गोष्ट मला सोमवारी कळली. त्यानंतरही मी दोन महिने गप्प राहिलो. त्याला क्षमा मागत नाही, मागता येणार नाही.

पण आपण माझ्या एकट्याच्या शब्दावर विसंबणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिला साक्षीदार हा पापुद्रा. कडीवर ठेवून खूण जुळते का ते पाहावं. दुसरे आबा. त्या दुपारी माझ्या हातात पाना आणि पॉलिशपेपर होता का, हे त्यांना विचारावं. मी साफसफाई म्हणालो होतो, तेही त्यांना आठवेल. तिसरा मी.

बिघाड आपोआप गेला नव्हता, मास्तर. मी केला होता आणि मीच काढला. तो आता परत येणार नाही. इंजिन जोडावं, आणि वर गेल्यावर काटा जे सांगेल ते खरं मानावं.

आपला,
खोटं बोललेला तिसरा साक्षीदार